डोकं फुटलेला म

ज्या वर्षी माझ्या नातीचा, रेणुकाचा, साखरपुडा झाला, त्या वर्षी तिच्या कॉम्प्युटरने आमच्या घराची मधली भिंत मागितली आणि आम्ही ती दिली. मी आयुष्यभर खाणीत दगड फोडले, त्यामुळे भिंत पाडायला अर्धा तास पुरला. विटा मी एकेक करून पडद्याला लावल्या आणि पडदा त्या गिळत गेला. शेवटच्या विटेनंतर हिरवी ओळ आली. दोन खोल्यांची एक खोली झाली, पण ती आधीच्या अर्ध्या खोलीएवढीच होती.

माझ्या बायकोच्या, मंजुळाच्या, छातीत हृदय चालवणारं यंत्र बसवलेलं होतं. ते कॉम्प्युटरच्या ज्या भाषेवर चालायचं, ती भाषा मंगळवारी दुपारी तीनला बंद होणार होती. नवी भाषा अजून बाहेर आली नव्हती, कच्ची होती, आणि ती तपासायचं काम रेणुकाकडे होतं. तीनच्या आत मंजुळाला नव्या भाषेत नेलं तर यंत्र चालू राहणार होतं. या नव्या भाषेचे हुकूम मराठी अक्षरांत असायचे.

"आबा, यात हुकमांचा एक गठ्ठा दुसऱ्यावर उभा असतो," रेणुका म्हणाली. "खालचा मिळाला नाही तर वरचा चालत नाही. त्याला डिपेंडन्सी म्हणतात."

"दगडांची रचाई म्हण की," मी म्हणालो.

रविवारी लाल ओळ आली. एका गठ्ठ्याला जुना गुडघा हवा होता, दुसऱ्याला नवा.

"दोन्ही एका माणसात बसत नाहीत," रेणुका म्हणाली. "भांडण लागतं."

"मग दोन माणसं घे," मंजुळा कॉटवरून म्हणाली. "माझा जुना हाय. ह्यांचा गेल्या साली बदललाय, त्यो नवा."

मी आधी माझा फोडला, घाव किती जोराचा लागतो ते कळावं म्हणून. आतून चकचकीत धातू निघाला. मग मंजुळाचा फोडला. तिने पदर दातांत धरला. हाडालाही दगडासारखी शीर असते, ती सापडली की फार मारावं लागत नाही. रक्त फरशीवरून सरळ कॉम्प्युटरकडे गेलं आणि आत शिरलं.

"बरं झालं," पदर सोडून ती म्हणाली. "तसाबी पायरी चढू देत नव्हता."

छत माझ्या खांद्यापर्यंत खाली आलं. मी आता बसूनच होतो, त्यामुळे अडचण झाली नाही.

सोमवारी रेणुकाचा होणारा नवरा नागेश पेढे घेऊन आला. दार गुडघ्याएवढं झालं होतं, तो सरपटत आत आला. कॉम्प्युटरने त्याचा जबडा मागितला.

"किती दिवसांसाठी?" त्याने विचारलं.

"भाषा पक्की होईपर्यंत," रेणुका म्हणाली.

"लग्नात घास भरवायचा असतो."

"तू मला भरव."

त्याने मान पुढे केली. जबडा एका घावात निघाला. जाताना तो पेढ्यांचा पुडा मागे ठेवून गेला.

मंगळवारी दुपारी दोनला शेवटची लाल ओळ आली. रेणुकाने ती दोनदा वाचली. मग म्हणाली, "माझे डोळे."

मी छिन्नी खाली ठेवली.

"उचला, आबा. आज्जीकडे तासभर आहे."

दोन घाव लागले. दोन्ही वेळा तिने माझं मनगट धरून ठेवलं, माझा नेम चुकू नये म्हणून. मंजुळा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. ती म्हणाली, "पोरीचं लग्न व्हायचंय अजून."

पडदा हिरवा झाला.

"आता एकच हुकूम," रेणुका तोंड पुसत म्हणाली. "तुम्ही वाचा, मी टाइप करते."

अक्षरं मी पंचावन्नाव्या वर्षी शिकलो. खाणीवर दुपारच्या सुट्टीत गोरे बाई शिकवायला यायच्या. कुठलं अक्षर आधी हवं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मंजुळाचं. म्हणून मला म आधी आला, अ नंतर. महिनाभर मी दगडावर नुसता म कोरला. पुढे भ आला तेव्हा तोही मला म च वाटायचा. बाई म्हणाल्या, "यल्लप्पा, म चं डोकं फोडलं की भ होतो. वरची रेघ तुटलेली असते, बघा."

हुकूम आला. खोली इतकी आवळली होती की पडदा नाकाला लागत होता. मी अक्षर अक्षर लावलं.

"मंजुळा," मी म्हणालो.

"पुढे?"

"म. र. मर."

रेणुकाची बोटं थांबली. "रेघ तुटलीय का?"

"नाही. म आहे. म मला चांगला येतो."

तिने टाइप केलं.

"आलं का माझं नाव?" मंजुळाने विचारलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. यंत्राचे ठोके लांब लांब पडू लागले. तीनला दहा मिनिटं होती.

"भर असणार, आबा," रेणुका म्हणाली. "भर म्हणजे आत घे."

"भर म्हणजे काय ते मला माहीत आहे."

"मग दुरुस्त करा."

शब्द पडद्यावरून उतरून फरशीवर आडवे झाले होते. काळ्या दगडाचे, वीतभर उंच. मंजुळा मर. त्यात दोन म होते आणि दुसऱ्याचं डोकं फोडायचं होतं. मी नेम धरला, घण उचलला. पण माझ्या हाताला एकच म ओळखीचा होता, मंजुळाचा, आणि घण त्याच्यावरच आला. रेघ तुटली. आवाज दगडाचा नव्हता, कवटीचा होता.

"जमलं का?" रेणुकाने विचारलं.

कॉटवरची बाई उठून बसली. तिचं डोकं डाव्या बाजूला उघडं होतं. तिने पुडा सोडून एक पेढा तोंडात टाकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे कोण?" तिने रेणुकाला विचारलं.

"तुमचं नाव काय?" मी म्हणालो.

"भंजुळा."

मी खाली पाहिलं आणि एकेक अक्षर लावून वाचलं. भंजुळा मर. घण अजून माझ्या हातात होता आणि तिने दुसरा पेढा उचलला होता.

मंजुळा त्या मंगळवारी दुपारी तीन वाजता वारली.