माझ्याशिवाय कोण वाजतंय?

मित्रांनो, मी एक जुनं गजराचं घड्याळ आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, स्वभावानं भारी जळका आहे. झरी गावात सुक्याच्या घरी फळीवर माझा मुक्काम. पाठीला किल्ली, डोक्यावर दोन घंटा. सुक्या अच्छाडच्या एका ढाब्यावर भट्टी पेटवायच्या कामाला लागला, तेव्हा त्यानं मला तळासरीच्या बाजारातून आणलं. पहाटे चारला मी खणखणलो की अख्खा पाडा जागा व्हायचा. लोक म्हणायचे, "सुक्याचं घड्याळ म्हणजे कोंबड्याचा बाप!" काय ऐट होती माझी!

मग सुक्याच्या नातीनं, दक्षानं, मोबाइल आणला. तो गाणं म्हणून उठवतो म्हणे. माझ्या घंटा गप्प झाल्या. सुक्याची बायको पुतळी मात्र रोज किल्ली देते, टिकटिकीशिवाय तिला करमत नाही. तेवढ्यावर मी दिवस ढकलत होतो.

आणि एका सकाळी आठ वाजता घरात आवाज सुरू झाला. पीं पीं, पीं पीं. बारीक, दबलेला, आणि थांबायचं नाव नाही.

"उंदीर असेल गं," पुतळी म्हणाली.

"आजी, उंदीर असा ओरडतो होय?"

दक्षानं मोबाइल तपासला, गोधड्या झटकल्या, चुलीमागं वाकून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला उचलून कानाला लावलं आणि "छे, हे कसलं वाजतंय!" म्हणत परत आदळलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इतकी वर्षं मी घसा फोडून वाजलो, मला कधी कुणी असं शोधलं होतं का?

खरं सांगू? कोण वाजतंय ते मला ठाऊक होतं. आदल्याच दिवशी चिखल्याहून पाहुणे दक्षाला बघायला आले होते. ते अंगणात शिरताच सुक्यानं कमरेच्या फडक्यातून एक पांढरी पेटी काढली आणि बियाण्याच्या कणगीत, भातात खोल खुपसली. ती टीबीच्या गोळ्यांची पेटी. वेळ झाली की वाजते, उघडल्याशिवाय ऐकत नाही. सुक्यानं हा आजार घरात कुणालाच सांगितला नव्हता. नातीचं ठरता ठरता मोडेल, या धास्तीनं तो रोज शेतावर जाऊन चोरून गोळी घ्यायचा. पाहुण्यांना रस्त्यापर्यंत सोडून तो परत आला, तर पुतळीनं कणगीचं तोंड शेणमातीनं लिंपून टाकलेलं! या घरात लिंपलेली बियाण्याची कणगी पेरणीपर्यंत कुणी उघडत नाही. उघडा म्हणावं, तर कारण सांगावं लागणार.

गोळ्या चुकत गेल्या. त्याचा खोकला वाढला, ताटातली भाकर तशीच राहू लागली. "बिडी सोड, बिडी!" पुतळी ओरडायची. आणि मी काय करत होतो? आठ वाजले की जीव खाऊन टिकटिक करत होतो, त्या पेटीचा माग कुणाला लागू नये म्हणून. सगळे तिलाच शोधतात, याचा मला राग होता.

पाचव्या सकाळी दक्षा वैतागली. "आधी या घड्याळाचं तोंड बंद करू!" तिनं मला गोधडीत गच्च गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. मला दिसेनासं झालं, ऐकू मात्र येत होतं.

"आजी, कणगीतून येतंय!"

"हात लावू नका," सुक्या म्हणाला. "बियाणं आहे ते." एवढ्यात त्याला उबळ आली, ती थांबेचना.

"अगं बाई, रक्त! काय लपवलंय त्या कणगीत?" पुतळी किंचाळली. मग धाडधाड आवाज झाला. तिनं स्वतःच्या हातानं लिंपण फोडलं.

"आजा, या तर टीबीच्या गोळ्या! तुझ्या?"

"तुझं लगीन मोडेल गं, पोरी..." सुक्या रडत होता.

"मोडलं तर मोडू दे. आधी गोळी घे, मग दवाखान्यात चल."

मित्रांनो, गोधडीत मला लाज वाटली. जो आवाज सुक्याला जगवायला धडपडत होता, त्याच्यावर मी पाच दिवस जळत होतो.

आता ती पेटी माझ्याच फळीवर असते. आठ वाजले की घर तिच्याकडे धावतं आणि मी अजूनही जळतो, खोटं कशाला बोलू? पण सुक्या पुन्हा भाकर मागून घेतो. म्हणून विनवतो, घरात काही सतत ओरडत असेल, तर ते कुणासाठी ओरडतंय हे आधी बघा. आणि माझ्यासारखं कुणी मध्ये टिकटिक करत असेल, तर त्याला खुशाल गोधडीत गुंडाळा.