देवक उठेपर्यंत

उत्तरा बसली नाही. हातातली प्रिंटची भेंडोळी तिनं बाळाचार्यांच्या टेबलावर उलगडली, एका कडेवर लॉग टेबलचं पुस्तक ठेवलं, दुसऱ्या कडेवर सुपारीची डबी, आणि अकराव्या नावावर बोट ठेवून ती उभीच राहिली.

"सर, हे वाचा. मोठ्यानं नको."

बाळाचार्यांनी वाचलं. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा वाचलं. चष्म्याचा दोष नव्हता.

बातमी शत्रूच्या देशातल्या वर्तमानपत्राची होती. एका खिंडीजवळ आपले बारा जवान मरून पडलेले सापडले, त्यांच्या गळ्यातल्या बिल्ल्यांवरून नावं उतरवून घेतली, ती अशी. अकरावं नाव श्रीनिधीचं. त्याच्या खिशात एक निळं इनलँड पत्र मिळालं होतं. बातमीदारानं लिहिलं होतं की आतला मजकूर आपल्याला न येणाऱ्या लिपीत आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र इंग्रजी मोठ्या अक्षरांत, छापल्यासारखा स्वच्छ आहे. श्रीहरी, निवृत्त तारमास्तर, मळमड्डी, धारवाड. निवृत्तीनंतरही पत्त्यात हुद्दा लिहिण्याची धारवाडात रीतच आहे. त्याशिवाय पोस्टमन ओळख देत नाही असा सर्वांचा समज आहे.

श्रीनिधी तारमास्तरांचा मुलगा, आणि त्यांचं घर बाळाचार्यांच्या घरापासून सहावं. या खिडकीतून त्यांच्या दारातल्या मांडवाचे बांबू दिसत. ते कालच पुरले होते.

ही बातमी मळमड्डीत पोचायला नको होती. नव्व्याण्णवच्या त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली, तेव्हा सरकारनं आधी शत्रूचा टीव्ही केबलवरून काढला आणि मग त्यांच्या वर्तमानपत्राचं इंटरनेटवरचं दारही बंद केलं. धारवाडात इंटरनेट असलेली ठिकाणं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तेव्हा बंदीनं कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते एकट्या उत्तराचं. ती एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची, आणि दार बंद दिसलं की खिडकी शोधायची ही तिची लहानपणापासूनची खोड. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठात एक यंत्र होतं. त्याला ईमेल करून हवं ते पान मागितलं, की ते यंत्र पान उघडायचं आणि मजकूर उलट टपाली धाडायचं. पाहुण्याला दारात अडवलं, तर शेजारणीनं परड्यातून आत घ्यावं तसं.

आलेला मजकूर उत्तरा बाळाचार्यांकडे आणायची. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. बाळाचार्य गणिताचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, पण पेपर तपासायची सवय निवृत्त झाली नव्हती. ते रोज एक पत्रक काढत. डावीकडे आपलं सरकार काय म्हणालं, उजवीकडे पलीकडचे काय म्हणाले, आणि मध्ये दोघांनाही दहापैकी गुण. आजवर पाचाच्या वर कुणी गेलं नव्हतं. सुभाष रोडवर चाळीस झेरॉक्स काढायच्या आणि फिरायला जाता जाता चाळीस घरांच्या फाटकातून आत सारायच्या, हा त्यांचा क्रम. पत्रकाच्या तळाशी एक ओळ ठरलेली असे: 'या पत्रकात काहीही गाळलेले नाही.'

लोकांनी नावं ठेवायची ती ठेवली. एका वकिलांनी भर बाजारात त्यांना देशद्रोही म्हटलं. पत्रक एक दिवस उशिरा आलं तर चौकशीलाही तेच आले. एकदा पोलीस चौकीतला हवालदार येऊन पुरावा म्हणून एक प्रत घेऊन गेला, आणि साहेबांना रोज लागते म्हणून रोज नेऊ लागला. तारमास्तरांच्या घरी फाटकातलं पत्रक कमलताई उचलत. त्या मास्तरांच्या पत्नी. मास्तर अंघोळीहून येईपर्यंत त्यांचं वाचून झालेलं असायचं.

"आजच सांगायला हवं," उत्तरा म्हणाली. "आत्ता."

बाळाचार्य खिडकीतून बांबूंकडे पाहत राहिले. रविवारी मास्तरांच्या श्रीलक्ष्मीचं लग्न होतं. मुलाकडचे केशवापूरचे. अधिक महिना आडवा आला म्हणून आधीच थांबलेले, आणि थांबल्याबद्दल तीनदा बोलून दाखवलेले. आता मोडलं तर पुढे चातुर्मास, म्हणजे थेट तुळशीच्या लग्नानंतर. तोवर केशवापूरचे थांबतील हे केशवापूरच्यांनाही खरं वाटलं नसतं. आणि दूरच्या मरणाचं सूतक माणूस मेल्यानं लागत नाही, ऐकल्यानं लागतं. मळमड्डीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर घरात कार्य असलं की वाईट बातमी घेऊन आलेल्याला ओसरीवरच धरतात, चहा पाजतात आणि 'उरकू दे सगळं' असं सांगून माघारी लावतात. पिढ्यान् पिढ्या असंच चाललेलं. कुणी त्याला सेन्सॉर म्हणत नाही.

"रविवार होऊ दे," बाळाचार्य म्हणाले.

"सरकारही हेच म्हणतं, सर. योग्य वेळी सांगू."

"सरकारच्या घरी रविवारी लग्न नाही."

लॉग टेबलचं पुस्तक उत्तरानं उचलून जागेवर ठेवलं, डबी जागेवर ठेवली. कागद आपोआप गुंडाळला गेला. जाताना दारातून तिनं एवढंच विचारलं, की मग बाकीच्या अकरा घरांचं काय. त्या घरांत रविवारी काय आहे ते आपल्याला कुठे माहीत आहे? बाळाचार्यांनी कागद खणात टाकला. जन्मात पहिल्यांदा, शत्रूचं वर्तमानपत्र खोटं बोलत असावं, दहापैकी शून्य मिळण्याइतकं खोटं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण ते निळं पत्र खोटं कसं असेल? मास्तरांची अक्षरं तिकडे कोण काढणार?

मग ते पत्रक लिहायला बसले. एका शिखराविषयी आपले काय म्हणाले, पलीकडचे काय म्हणाले, साडेचार आणि तीन. तळाशी आले, आणि लेखणी थांबली. ओळ हातात तयार होती, महिनाभराच्या सवयीनं तयार होती. ती लिहिली तर धडधडीत खोटं. बाळाचार्यांनी आयुष्यात पुष्कळ मुलांना नापास केलं होतं, पण खोटं एकदाही लिहिलं नव्हतं. त्यांनी ती ओळ लिहिलीच नाही. त्या दिवशी त्यांना बरं वाटावं अशी तेवढी एकच गोष्ट घडली.

पत्रक शुक्रवारी सकाळी चाळीस फाटकांतून आत गेलं. साडेनऊच्या सुमाराला तारमास्तर आले. बोटांना हळद लागलेली, खांद्यावर पंचा, घरात पन्नास कामं सोडून आलेल्या माणसाचा अवतार. कोपऱ्यात काठी टेकवून ते बसले. आचारी हुबळीचा आहे आणि तोंडाचा फटकळ आहे, मांडवाला झालर कमी पडली, असं बरंच सांगून झालं. मग त्यांनी खिशातून पत्रक काढलं.

"आचार्य, शेवटची ओळ नाही आज."

"जागा पुरली नाही हो, मास्तर."

मास्तरांनी पत्रक उलगडून टेबलावर ठेवलं. खाली चांगली चार बोटं कोरी जागा होती. दोघांनीही ती पाहिली.

"इरली बिडी," मास्तर म्हणाले. असू दे, राहू दे, असं कानडीत म्हटलं की धारवाडात विषय मिटतो. हा मिटला नाही. मास्तर कोऱ्या जागेवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी आपल्या नोकरीतलं एक सांगितलं, जे त्यांनी पूर्वी कुणाला सांगितलं नसावं. चौतीस वर्षांत त्यांनी मरणाच्या सात तारा अडवल्या होत्या. वरिष्ठांना कळलं असतं तर नोकरी गेली असती. पण गावात कुणाकडे मुंज, कुणाकडे लग्न हे तारमास्तराला ठाऊक असतंच. यंत्र कडकडायला लागलं की चौथ्या शब्दाला समजायचं. मग तार लिहून खणात, आणि कार्य उरकल्यावर आपण स्वतः जाऊन द्यायची. एकदा केशवापुरात तर तार सदऱ्याच्या खिशात ठेवून ते पंगतीला बसले होते.

"जिलबी वाढली, खाल्ली. खावीच लागते. नाही खाल्ली तर लोक तोंड वाचतात."

बाळाचार्य आपल्या तोंडाचं काय करावं हे न सुचून खाली पाहत होते.

"तुमचं तोंड फार वाचता येतं, आचार्य. परवा मांडवात जरा दूरच बसा."

"मास्तर..."

"मी काही विचारलं नाही. तुम्ही काही सांगितलं नाही. बरोबर की नाही?"

"बरोबर."

मास्तर उठले. पत्रकाची घडी घालताना त्यांना वेळ लागला. घडी एकदा वाकडी पडली म्हणून त्यांनी ती उलगडून पुन्हा घातली. लग्नाआधी मांडलेलं देवक मंगळवारी उठतं, ते उठलं की कार्य संपलं, मंगळवारी दहाला येतो, असं त्यांनी सांगितलं.

"आणि कमलताई?" बाळाचार्यांनी विचारलं.

"तिला नको. तिला तेवढे चार दिवस तरी..."

वाक्य पुरं न करताच ते पायऱ्या उतरले. काठी कोपऱ्यातच राहिली होती. बाळाचार्य ती घेऊन मागे धावले, तर मास्तर काठीशिवाय ताठ चालत निम्म्या रस्त्यावर पोचले होते.

लग्न वेळेवर लागलं. केशवापूरच्यांना बोलायला जागा उरली नाही, म्हणून ते मठ्ठ्यात मीठ कमी आहे असं म्हणाले. श्रीनिधीला रजा मिळाली नाही का, असं येणारा जाणारा प्रत्येकजण विचारत होता, आणि मास्तर प्रत्येकाला "नाही मिळाली" असं एकाच आवाजात सांगत होते. कुणीतरी म्हणालं, देशासाठी लढतोय मुलगा, अभिमानाची गोष्ट आहे. मास्तरांनी त्यालाही मान हलवून होकार दिला. बाळाचार्य दूर, खांबाआड बसले होते. उत्तरा त्यांच्यासमोरच्या पानावर होती. ती जेवली नाही, नुसती भाताची मूद मोडत राहिली. पंगत अर्धी झाली तेव्हा मास्तर स्वतः जिलबीचं ताट घेऊन आले. बाळाचार्यांच्या पानात दोन वाढल्या आणि खाईपर्यंत उभे राहिले.

लेक सासरी निघाली तेव्हा मास्तर रडले. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही, बाप रडतोच. कमलताई मात्र रडल्या नाहीत. त्यांनी ओटी भरली, पदर नीट केला, मोटारीचं दार लावून घेतलं आणि मोटार वळणाआड जाईपर्यंत उभ्या राहिल्या. बाई मोठी धीराची, असं काही बायका म्हणाल्या. आईची माया अशी नसते बाई, असं उरलेल्या म्हणाल्या.

बाळाचार्यांनी शनिवारपासून पत्रक काढलं नव्हतं. हवालदार दोनदा येऊन गेला. लष्कराकडून मास्तरांच्या घरी अजून काहीच आलं नव्हतं, ना तार, ना माणूस. टीव्हीवर एक शिखर जिंकल्याची बातमी चालू होती.

मंगळवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना फाटक वाजलं. मास्तर आले होते आणि त्यांच्या मागून कमलताईही. मास्तरांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. चपला बाहेर काढताना ते बाळाचार्यांना हळूच म्हणाले, "हिला काही बोललो नाही. वाटेत एवढंच म्हटलं, आचार्यांकडे जायचंय. पुन्हा सांगायचं बळ माझ्यात नाही. दोघं एकदाच ऐकू."

उत्तरा आधीच येऊन भिंतीशी उभी होती. तिनं कमलताईंना खुर्ची दिली. त्यांनी ती नको म्हणून हातानं सांगितलं आणि जमिनीवर, चटई न घेता, भिंतीला टेकून बसल्या. मास्तर त्यांच्या शेजारी बसले. मग बाळाचार्यही टेबलाशी न बसता कागद घेऊन खाली बसले. कागद गुंडाळला जात होता. तो दोन्ही हातांनी ताणून धरावा लागत होता. त्यांनी घसा साफ केला.

"त्यात तिथी दिलीय का हो?" कमलताईंनी विचारलं.

मास्तरांनी सावकाश मान वळवून बायकोकडे पाहिलं. बाळाचार्यांनी अजून एक अक्षरही वाचलं नव्हतं.