वरच्या खोलीतला खोकला

वरच्या खोलीत एक म्हातारा खोकला. आमच्या बर्मिंगहॅमच्या घरात म्हातारा नव्हता. पहिल्या लॉकडाऊनमध्ये आम्ही दोघीच होतो: मी, आणि वर भाड्याने राहणारी यूथिंग, युनिव्हर्सिटीत शिकणारी चिनी मुलगी. माझा नवरा परीक्षित डॉक्टर. घरी आजार नको म्हणून तो हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहत होता. त्याला फोन केला.

"खोकला? कोरडा की ओला?"

"म्हातारा."

"सुनीती, दुपारची थोडी झोपत जा."

मग कळलं. यूथिंग घरचा व्हिडिओ कॉल चालूच ठेवायची. बोलायचं कोणीच नाही. तिकडे आई स्वयंपाक करायची, आजोबा खुर्चीत बसून खोकायचे, इकडे ही अभ्यास करायची. सकाळी मी चहा टाकला की वरून भाजी चिरल्याची टकटक, कारण तिकडे संध्याकाळ. एका घरात दोन स्वयंपाकघरं आणि भांडण नाही, हे आमच्या सासूबाईंना खरं वाटलं नसतं.

एप्रिलअखेर ती खाली यायची बंद झाली. दाराशी ठेवलेलं ताट तसंच परत. "परीक्षा आहे, आंटी," एवढंच. आवाज मात्र यायचे. एका दुपारी चार वाजता मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि वर टकटक सुरू झाली. माझा हात थांबला. तिकडे आता रात्रीचे अकरा. एवढ्या उशिरा भाजी कोण चिरतंय? मग खोकला आला, त्यामागून चमचा पडला. दुसऱ्या दिवशीही तेच. टकटक, खोकला, चमचा.

हातातली घडी ठेवली. वर गेले, दार ढकललं. ती कोट घालून पलंगावर, भिंतीला टेकून बसली होती. समोर फोन. पडद्यावर आजोबा खोकले, त्यांच्या हातातून चमचा पडला.

"जुनं रेकॉर्डिंग आहे," ती म्हणाली. "आजोबा गेले."

"कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. आई म्हणते, काकांकडे गेलेत. पण आता ती फोन फ्रीजकडे तोंड करून ठेवते. आधी खुर्चीकडे असायचा."

"मग विचारलं नाहीस?"

"मला कळलंय हे तिला कळलं, तर तिला माझीही काळजी. म्हणून ती हसते, मी हसते." फोन पालथा ठेवत म्हणाली, "आंटी, हल्ली वाटतं, मीसुद्धा रेकॉर्डिंगच आहे. कोणी बंद केलं तर संपेल."

मी तिच्याशेजारी बसले. आमच्याकडेही असंच करतात. बाबा गेले तेव्हा मला 'तब्येत जरा बरी नाही, ये' एवढंच सांगितलं होतं, प्रवासात रडू नये म्हणून. विमानात मी मिटक्या मारत जेवले. ते जेवण अजून घशात आहे. तिला हे सगळं सांगितलं.

"आईला म्हण, खुर्ची दाखव."

"ती रडली तर?"

"रडू दे. तूही रड."

"आणि परीक्षा?"

"परीक्षेला रडून बसता येतं. उपाशी नाही."

दुसऱ्या सकाळी माझ्या ओट्याशी उभं राहून तिने फोन लावला. फ्रीज दिसला. ती चिनीत हळूच काहीतरी म्हणाली. बराच वेळ फ्रीजच. मग चित्र हललं, भिंत, खिडकी, खुर्ची. पाठीवर निळं जाकीट तसंच अडकवलेलं. आईचा चेहरा दिसलाच नाही, नुसता आवाज आला. तो कळायला भाषा लागत नाही. मी गॅस बंद केला आणि पोरीला धरून उभी राहिले.

दुपारी तिने फोन बंद करून टेबलावर ठेवला आणि तोंड धुवायला वरच्या बाथरूममध्ये गेली. मी भात लावला. आणि वर, तिच्या रिकाम्या खोलीतून, खोकला आला. म्हातारा.

ती धावत खाली आली. चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं.

"आंटी, तुम्ही खोकलात?"

हो म्हणणार होते. अगदी ओठांवर आलं होतं. पण खोटं पुष्कळ झालं होतं.

"नाही गं."

तिने टेबलावरच्या बंद फोनकडे पाहिलं, मग जिन्याकडे. कपाट उघडून तीन वाट्या काढल्या, तिसरी रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली आणि जेवायला बसली.