तलाव भरला त्या दिवशी

शहराचा तलाव भरून वाहायला लागला की पाणी मंडळाच्या कचेरीत कोणी जागेवर सापडायचं नाही. मोठ्या अभियंत्यापासून टंकलेखकापर्यंत सगळे सांडव्यावरून पडणारं पाणी बघायला पळायचे. मागे राहायचा तो एकटा लेखा विभाग, कारण त्या दिवसाची त्यांची रीतच उलटी होती. ते आपल्या मजल्याचं पाणी चावी फिरवून बंद करायचे आणि कोरड्या घशाने पुढच्या दुष्काळाचं अंदाजपत्रक लिहायला बसायचे.

ही रीत थेंबेसाहेबांची. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. पण गळका नळ दिसला की थांबून तो पिळायची त्यांना खोड होती, मग स्वतःच्या घरी असोत की कुणाकडे पाहुणे. कचेरी त्यांना पाठीमागे थेंबे म्हणायची, पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागली, आणि त्यांनी ते मुकाट्याने चालवून घेतलं. "दुष्काळ आल्यावर माणूस योजना करत नाही, नुसता घाबरतो," ते म्हणायचे. "आणि तलाव भरला की त्याला तहान आठवत नाही. म्हणून लिहायचं आजच, पण तहानेने लिहायचं."

साहेब जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता त्यांच्या जागी लेखाप्रमुख बाई होत्या, आणि रीत उरली होती ती त्यांच्यापुरतीच. विभागातली नवी मंडळी त्या दिवशी घरून बाटल्या आणायची आणि कपाटामागे जाऊन पाणी प्यायची. बाईंना ते कळायचं, पण त्या काही बोलायच्या नाहीत. साहेबांच्या काळात त्याच कपाटामागे त्यांनी स्वतःही हेच केलं होतं.

यंदा सकाळी चावी फिरवताना मात्र बाईंचं चित्त ठिकाणावर नव्हतं. दुपारी मंडळाची बैठक होती. अध्यक्षांना दुष्काळ निधी मोडून पाणीपट्टी कमी करायची होती. तलाव वर्षानुवर्षं भरतोय, पैसा नुसता पडून आहे, लोकांचा लोकांना देऊन टाका, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला इतकं गोड की कोणी नाही म्हणणार नाही. म्हणूनच बाईंनी जुने आकडे पुन्हा काढून ठेवले होते.

तो निधी का जमवला हे ज्यांना आठवत होतं, त्यांतल्या कचेरीत त्या एकट्याच उरल्या होत्या. बाई नोकरीला नव्या लागल्या आणि मोठा दुष्काळ पडला. मंडळाने लोकांपुढे हात जोडले, पाणी वाचवा. लोकांनी वाचवलं. बाईंच्या आईने तर घरादाराला सळो की पळो करून सोडलं. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं झाडांना, आणि वडिलांची दाढी पेलाभर पाण्यात. "माझी मुलगी पाण्याच्या कचेरीत आहे," ती सांगायची, "आपल्या घराला कोणी नाव ठेवता कामा नये." बिल निम्म्यावर आलं तेव्हा ते मिरवत तिने अख्ख्या गल्लीला दाखवलं.

इकडे मंडळाचं पार दिवाळं निघायला आलं. पाणी निम्मं विकलं तरी नळ तेवढेच, पंप तेवढेच, पगार तेवढेच. शेवटी मंडळाने दर वाढवले, आणि वाचवणाऱ्यांचं बिल पुन्हा होतं तिथे जाऊन बसलं.

आई ते बिल घेऊन स्वयंपाकघरात उभी होती. "म्हणजे आम्ही वाचवलं, म्हणून तुम्ही महाग केलंत?"

बाईंनी पंप समजावले, पगार समजावले. आईने सगळं ऐकून घेतलं. "तू म्हणालीस म्हणून वाचवलं गं," एवढंच बोलली आणि गॅसकडे वळली.

शहराने मंडळाच्या नावाने बोटं मोडली, खिडक्यांवर दगडही आले. त्याचं बाईंना फार वाटलं नाही. आईचं ते एक वाक्य मात्र आजतागायत सलत होतं. दुसऱ्या दिवशी थेंबेसाहेबांसमोर त्यांना रडू फुटलं. साहेबांनी रडू दिलं, मग कोरा कागद पुढे ओढला. चांगल्या वर्षी थोडं थोडं बाजूला टाकायचं. वाईट वर्षी लोकांनी पाणी वाचवलं की मंडळाची तूट त्यातून भरायची आणि दराला हात लावायचा नाही. तो हा निधी.

ते दिवस बाईंना हल्ली फार आठवायचे. पंख्याखाली फडफडणारे कागद, साहेबांचा खोकला, आणि तहानेने वैतागलेल्या माणसांची कडकडून भांडणं. दुष्काळ किती लांबेल असं धरायचं यावर वाद पेटायचा. कोणी फार थोडे महिने सांगितले की साहेब डोळे वटारायचे, "तुमच्या सासऱ्याचा दुष्काळ आहे का हो, तुमच्या सोयीने जायला?" सगळे खो खो हसायचे आणि महिने वाढवायचे. आता भांडायलाही कोणी उरलं नव्हतं. बाई एकट्याच लिहायच्या, एकट्याच मान्य करायच्या.

बैठक वरच्या मजल्यावर भरली. अध्यक्ष तरुण होते, उत्साही होते, मनाने वाईट अजिबात नव्हते. ते भरभरून बोलले आणि सदस्यांनी माना डोलावल्या. बाईंनी आकडे वाचायला घेतले तसा एकाने जांभई दिली, दुसऱ्याने घड्याळ बघितलं. "मत घेऊनच टाकू," अध्यक्ष म्हणाले आणि त्याआधी हात धुऊन यायला उठले.

ते परतले ते साबणाने माखलेले दोन्ही हात पुढे धरून.

"पाणी नाही!" ते कडाडले. "तलाव ओसंडून वाहतोय आणि पाणी मंडळाच्या कचेरीत पाणी नाही?"

एकच धावपळ उडाली. शिपाई सगळे मजले फिरून आला, कुठेच टिपूस नव्हता. मंडळाचा फिटर आला आणि कान खाजवत म्हणाला, "साहेब, उन्हाळ्यात नवे पाइप टाकले ना, तेव्हापासून खालची ती चावी सगळ्या इमारतीचीच झालीय. कुणीतरी फिरवली वाटतं."

सकाळपासून सगळे तलावावर गेलेले. कोणाच्या लक्षात येणार? बाई खुर्चीतून उठल्या.

"मी फिरवली," त्या म्हणाल्या.

"निधीला हात लावला तर थेट पाणीच तोडलंत की, बाई!" एक सदस्य म्हणाला आणि सभागृह हसून लोळायचं बाकी राहिलं. अध्यक्ष तेवढे हसले नाहीत. साबण वाळून त्यांचे हात चरचरत होते.

"का पण?" त्यांनी विचारलं.

बाईंनी आकड्यांचे कागद बाजूला सारले. थेंबेसाहेबांची रीत सांगितली, मग आईचं बिल सांगितलं. "साहेब, पुन्हा दुष्काळ पडेल तेव्हा याच खुर्च्यांवरून आपण लोकांना पाणी वाचवा म्हणून सांगणार. आणि ते वाचवतील हो. माझ्या आईसारखं जीव तोडून वाचवतील. मग त्याचा दंड आपण त्यांनाच करायचा का? एवढं सांगा, आणि मग खुशाल मोडा निधी."

अध्यक्ष आपल्या पांढऱ्या हातांकडे बघत उभे होते.

"दर कमी करतो म्हणून मी सगळीकडे सांगून बसलोय," ते शेवटी म्हणाले. "आता लोकांच्या शिव्या खाव्या लागणार." मग उसासा टाकून म्हणाले, "खातो. राहू दे तो निधी. पण बाई, आता तरी ती चावी सोडा!"

संध्याकाळी बाई जवळजवळ धावतच घरी आल्या. आई खिडकीपाशी बसली होती. हल्ली दिवसाचा बराचसा वेळ ती तिथेच असायची.

"आई, निधी वाचला!"

"कसला गं?"

"तुझ्या त्या बिलावरून काढलेला. तू रागावली होतीस ना, दुष्काळात? वाचवलं म्हणून महाग केलंत म्हणालीस."

आईने आठवून पाहिलं. "मी? बिलावरून?" ती हसली. "मला नाही बाई आठवत. मला आठवतं ते एवढंच, की तेव्हा तुझी कचेरी लवकर सुटायची आणि आपण दोघी टँकरच्या रांगेत उभ्या राहायचो. किती बोलायचीस तू! साहेब काय म्हणाले, कोण कोणाशी भांडलं, सगळं. मला वाटायचं, टँकर उशिरा यावा."

बाई खांद्याला पिशवी तशीच अडकवून उभ्या राहिल्या.

"मग पाऊसपाणी नीट झालं," आई म्हणाली, "आणि तू कामात गेलीस."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाईंच्या डोळ्यांना मात्र धार लागली. त्यांनी पिशवी खाली ठेवली, खुर्ची आईच्या अगदी जवळ ओढली, आणि आज कचेरीत काय काय झालं ते पहिल्यापासून सांगायला बसल्या.