इमशिलवालीचं घोरणं

ओक्सून ऐंशीला टेकली तरी गावात तिला इमशिलवालीच म्हणत, माहेर इमशिलचं म्हणून. डोंगराच्या कुशीतल्या त्या गावात आता नऊच घरं नांदती उरली होती, आणि त्यातल्या सहांत एकेकटी म्हातारी. तिकडं घरं जमिनीखालून गरम पाणी खेळवून तापवत, आणि आख्ख्या घराची जमीन तापवायला बॉयलर नुसतं रॉकेल ढोसायचा. म्हणून थंडी पडली, की बाया रजया काखोटीला मारून समाजमंदिरात राहायला येत. एकच शेगडी, एकच भाताचं भांडं, आणि जमीन कशी मस्त ऊबदार!

ओक्सून तेवढी जात नसे. "कोंबड्यांकडे कोण बघणार?" म्हणायची. खरं कारण वेगळंच होतं. ती घोरायची. नवरा होता तेव्हा तो उन्हाळाभर गोठ्यात निजायचा आणि चारचौघांत सांगायचा, "बैल बरे, रवंथ तरी हळू करतात."

त्या जानेवारीत तिचा नळ गोठून फुटला. स्वयंपाकघरभर बर्फ झाला. ओक्सून काठीनं तो फोडत होती, तेवढ्यात हादोंगवाली आणि कुऱ्येवाली या शेजारणी दारात उभ्या.

"चल, ऊठ," हादोंगवाली म्हणाली.

"उद्या नळवाला येईल की."

"परवासुद्धा येत नाही तो. आणि कोंबड्यांना दाणे टाकून आलेय मी. आता सांग नवी सबब!"

कुऱ्येवालीनं तोवर ओक्सूनची रजई उचलून डोक्यावर घेतलीसुद्धा.

रात्री झोपायचंच नाही, असं ओक्सूननं ठरवलं होतं. पण पाठ शेकली आणि डोळा कधी लागला, कळलंच नाही. उठली तेव्हा ऊन आत आलेलं, आणि सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या.

"घोरले का गं?"

"घोरलीस? छपरावरचा बर्फ खाली आला!" कुऱ्येवाली म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसल्या.

ओक्सून घरी जायला म्हणून रजईची घडी घालू लागली. हादोंगवालीनं ती हिसकावून घेतली.

"बस खाली! गेल्या साली वरच्या आळीतली म्हातारी गेली, ते दोन दिवस कुणाला कळलं नाही. रात्री तू मध्येच गप्प झालीस, तर मी उठून तुझ्या नाकाशी हात धरला."

"मग?"

"मग तू असा सूर लावलास, की मी उडालेच!"

ओक्सूनलाही हसू फुटलं.

चौथ्या दिवशी नळ दुरुस्त झाला. तिनं घरी जाऊन तो सोडून पाहिला, बंद केला, मोठी कढई उचलली आणि परत आली. पुढं थंडी सरेपर्यंत हादोंगवाली तिच्या शेजारीच निजली. कुऱ्येवालीनं मात्र आपलं अंथरूण पार पलीकडच्या भिंतीला नेलं.