चार चमचे सॉस

आमच्या धाकट्या भावजींना, म्हणजे वीरधवलला, आजवर किती मुलींनी नाही म्हटलं ते मी सांगणार नाही. माणूस तेहतिशीचा आहे, त्यालाही लाज असते. ऊस आहे, विहीर आहे, ट्रॅक्टर आहे, दिसायलाही बरे आहेत. पण नोकरी नाही म्हटलं की मुलीचा बाप चहा अर्धा ठेवून उठायचा. मी क्रांती, या घरची थोरली सून. आमचे हे फौजेत, जम्मूला. त्यामुळे कोणी घर बघायला आलं की पोहे करायचे मी, आणि ते तोंड पाडून गेले की उरलेले पोहे खायचेही मीच.

मग अंकिताचं स्थळ आलं. मूळची कोयनानगरची, वडील केरबा धरणावरच्या नोकरीतून निवृत्त झालेले, आणि ती स्वतः सांगलीला विश्रामबागेत एका ऑफिसात कामाला. तिचं आणि भावजींचं फोनवर बोलणं झालं. तिने आडपडदा ठेवला नाही. "स्वयंपाकात मदत करीन असं सगळेच म्हणतात. मला बघायचंय. आम्ही घर बघायला येऊ तेव्हा एक पदार्थ तुम्ही करायचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. घरातल्या बाईचा हात लागला, तर माझा नकार समजा."

पोह्यांवर भागलं असतं. पण भावजींना चढला हुरूप. "मी स्टेक करतो. सॉससकट," असं ठणकावून सांगितलं त्यांनी. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"वयनी, स्टेकला काय काय लागतं वो?"

मी कपाळावर हात मारून घेतला. पण मुलगी मला फोटोत बघूनच आवडली होती. या घरात मला बोलायला कुणीतरी हवं होतं, खरं सांगते, फार हवं होतं. म्हणून हात न लावता जेवढी मदत करता येईल तेवढी करायची असं मी ठरवलं.

पुढचे दिवस भावजी मोबाईलला चिकटून होते. आमच्याकडे मटण म्हणजे कुकरच्या शिट्ट्या आणि ताटाबाहेर वाहणारा रस्सा. आणि भावजी बोकडाच्या मांडीचे जाड काप तव्यावर भाजायला निघालेले. खाटीक मुजीबभाईंना त्यांनी बोटभर जाडीचे गोल काप मागितले, तेव्हा ते सुरी खाली ठेवून म्हणाले, "गड्या, तुझं डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" तरी कोवळं बोकड बघून कापून दिलं बिचाऱ्यांनी. मामंजींना, म्हणजे नाथाजींना, हे कळल्यावर ते आत्याबाईंवर, म्हणजे माझ्या सासूबाईंवर ओरडले, "बने, पोरगं येडं झालंय! बघाय आलेल्या पावण्यांना मटान?" आत्याबाई म्हणाल्या, "पोहं घालून तरी कुठं जमलं?"

रविवार उजाडला. भावजींनी मला आणि आत्याबाईंना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर काढलं. भाकरी तेवढ्या मी आधीच थापून ठेवल्या होत्या, त्या अटीत नव्हत्या. मी उंबऱ्यावर बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

आणि काय सांगू, माणूस सुरेख काम करत होता! पपईचा कीस चोळून ठेवलेले काप त्याने कोरडे पुसले, मीठ-मिरी लावली. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला आणि पहिला काप टाकला. असा चर्र आवाज झाला की गोठ्यातली म्हैस ओरडली. वर लोणी, ठेचलेला लसूण. मग काप ताटाखाली झाकून ठेवले आणि त्याच तव्यात बारीक कांदा. तव्याला धरलेली सगळी खरवड उलथन्याने सोडवून घेतली. त्यावर काळ्या द्राक्षांचा रस, हाडांचं आळणी पाणी, आणि आटवत, आटवत, आटवत शेवटी साय आणि लोण्याचा गोळा. गुळाच्या काकवीसारखं दाट, तांबूसकाळं, चकचकीत काहीतरी तव्याच्या मध्यावर लकाकत बसलं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच असतंय. प्रत्येकाला एक चमचा. चार पावणं, चार चमचं."

तेवढ्यात दारात जीप थांबली. तेलाचे शिंतोडे उडालेला सदरा बदलायला भावजी धावले. मी खिडकीतून बघितलं. जीपमधून माणसं उतरतच होती. अंकिता, केरबा, तिची आई, काका, काकू, आत्या, आत्याचे मालक, मधला मामा... घाटातली वळणं सोसून आलेली, तोंडं सुकलेली, भुकेली माणसं.

आत्याबाई पाण्याचे पेले न्यायला आत शिरल्या. त्यांनी बाहेरची माणसं बघितली, मग तव्यातले चार चमचे बघितले.

"आगं आई गं! ह्यात कुणाचं भागायचं?"

आमच्या भागात माणसं वाढली की रश्शात गरम पाणी वाढतं. त्याला विचार लागत नाही, हात आपोआप जातो. मी "आत्याबाई!" म्हणेस्तोवर त्यांनी सगळं पातेल्यात काढलं, तवा विसळून तेही ओतलं, वर दोन तांबे कढत पाणी आणि कांदा-लसणाच्या चटणीचे तीन चमचे. रस्सा भसाभसा उकळू लागला. लालभडक. तवंगसुद्धा आला.

भावजी नव्या सदऱ्यात आत आले. पातेल्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. ओरडले नाहीत. डोळे तेवढे भरले.

"आये," एवढंच म्हणाले.

आत्याबाईंना तेव्हा कुठे अट आठवली. तोंडावर पदर धरून त्या मटकन खाली बसल्या. पण बाहेर पाहुणे ताटकळलेले. भावजींनी कापांच्या पातळ फिती केल्या, वाट्या भरल्या आणि स्वतः वाढायला गेले.

पंगत खूश! केरबांनी रश्शाचा भुरका मारला आणि मामंजींच्या पाठीवर थाप टाकली, "आवं, काय हात हाय पोराचा! झकास!" काका भाकरी चुरून बसले. मामंजी असे फुगले, जणू बोकड त्यांनीच रांधलं. भावजींनी गप्प राहायचं होतं, बस्स. आत्याबाई दाराआडून खुणा करून तेच सांगत होत्या.

अंकिताने एक घोट घेतला, वाटीत बघितलं, मग भावजींकडे.

"हे तुम्ही केलंत? शेवटपर्यंत?"

"त्यानंच की!" आत्याबाई दाराआडून ओरडल्या. "आमी आत पाऊल टाकलं न्हाई!"

सगळ्यांचे घास थांबले. मी देवाला म्हटलं, आता भावजींची जीभ आवर.

"न्हाई," भावजी म्हणाले. "सॉस मी केलता. पाणी आन् चटणी आईनं घातली. तिचं चुकलं न्हाई. मी चौघांचंच केलतं, तिनं सगळ्यांचं बघितलं. पर हात लागला, ते खरं."

मामंजींची छाती उतरली. केरबा वाटी खाली ठेवावी की पिऊन टाकावी या पेचात. अंकिताच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"मग तो सॉस होता कसा?"

भावजींनी चार बोटं वर केली. "चार चमचं हुता. लय भारी हुता."

मला राहवेना. गप्प बसणं मला जमत नाही, हे आमच्या ह्यांनी लग्नातच ओळखलं होतं. "खरंच भारी होता गं!" मी उठून उभीच राहिले. "आधी खरपूस, मग आंबटगोड, मग नुसतं लोणी! मला माहितीय, कारण भावजींची पाठ फिरल्यावर मी तव्यात बोट घालून चाटलं. म्हणजे माझाही हात लागलाय. आता काय करायचं ते कर!"

अंकिता हसायला लागली. आधी हुंकारून, मग मोठ्याने, मग तिला उचकी लागली. उचकी देत देत ती म्हणाली, "बाबा, मला मुलगा पसंत आहे."

"आगं, आन् तुजी अट?" केरबा.

"मोडली. पण मोडली हे यांनीच सांगितलं ना, सगळे वाहवा करत असताना?" मग ती भावजींकडे वळली. "पुढच्या रविवारी कोयनेला या. आमच्या स्वयंपाकघरात करायचा. दोघांपुरताच. आणि दाराला आतून कडी."

मग जो गलका झाला तो विचारू नका. केरबांनी वाटी पिऊन टाकली आणि दुसरी मागितली. आत्याबाई हसत होत्या का रडत होत्या ते त्यांनाच माहीत. भावजी मात्र ताटं गोळा करायला लागले. शेवटपर्यंत म्हणजे भांडीही आलीच, असं ते लाजत लाजत म्हणाले.

मामंजींनी सवयीने आपलं ताट माझ्याकडे सरकवलं. मी हात पुढे केला. आत्याबाईंनी तो धरला.

"आवं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "उठा. आपलं ताट आपुन उचला."

सगळे बघत होते. मामंजी उठले. खरकटं ताट दोन्ही हातांत धरून त्यांनी आपल्या घरात डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि भावजींना विचारलं,

"ठेवायचं कुठं असतंय रं?"