गरम वड्याचं दस्तक

अनिकाचा पीएचडीचा डिफेन्स उद्यावर आला होता आणि एका प्रश्नापाशी तिचं घोडं अडलं होतं. तीनशे वर्षांपूर्वी कोकणच्या समुद्रात कंपनी सरकार व्यापारी गलबतांसोबत तोफांची जहाजं धाडायचं, कान्होजी आंग्र्यांपासून राखायला. तरीही काही व्यापारी आंग्र्यांनाच जकात भरून त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, का घेत?

"भीती!" उल्हासकाका म्हणाले. "दरारा होता आमचा." काका अलिबागचे, म्हणून 'आमचा'.

"नुसती भीती माझ्या प्रोफेसरना नाही पटणार, काका."

महाशिवरात्रीचा रविवार होता. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या नदीवर बर्फाची साय धरली होती आणि काकांच्या घरी साबुदाण्याचे वडे तडतडत होते. उपासकरी पाहुणे खाली बेसमेंटमध्ये, वाढायला अनिका. मधल्या जिन्यावर काका पाय पसरून बसलेले. अँजिओप्लास्टीपासून त्यांना तळलेलं बंद होतं, त्यामुळे एकटं दिसलेलं ताट ते लुटायचे.

काकू निवृत्त डॉक्टर. त्यांनी फर्मान काढलं, "ताट एकटं जायचं नाही. सहाही भरली की मी पुढे."

हातात झारा घेऊन काकू निघाल्या, मागून ताटांचा ताफा. एकही वडा गेला नाही. पण सहावं ताट भरेस्तोवर पहिलं गारठलेलं.

खालून नागपूरचे नरेंद्रकाका ओरडले, "वीणावहिनी, हा वडा आहे की आइस हॉकीची चकती?"

दुसऱ्या घाण्याला काकूंची पाठ वळली तशी अनिका एक ताट घेऊन सटकली. जिन्यावर हात आडवा आला.

"एक वडा इथे ठेव," काका कुजबुजले, "आणि हे घे." पिवळ्या चिठ्ठीवर लफ्फेदार सही होती: 'या ताटास वाटेत कोणी अडवू नये.'

"काका, अडवणारे तुम्हीच ना?"

"म्हणूनच सही चालते."

खाली वडा कुरकुरीत पोचला. नरेंद्रकाका डोळे मिटून खाऊ लागले, आणि पाहता पाहता रुपालीमावशी वर येऊन स्वतःच्या ताटासाठी चिठ्ठी मागू लागल्या. अनिका जिन्यातच थबकली.

"काका, भीती नाही! ताफ्यासाठी थांबलं की माल गार होतो!"

"कसला माल?" वरच्या पायरीवर काकू उभ्या. झारा काकांच्या हनुवटीकडे रोखलेला. "किती खाल्लेत?"

"दोन," काका म्हणाले. "जकात म्हणून."

"आता आठवडाभर दुधी. जकात म्हणून."

रात्री अनिकाने आपल्याच नोंदी पुन्हा चाळल्या. ताफ्याची वाट पाहून कंटाळलेले व्यापारी पानोपानी भेटले. आजवर ती त्यांना ओलांडून पुढे जात होती.

सोमवारी प्रोफेसरांनी नेमका तोच प्रश्न टाकला. बंदरात अडकलेलं गलबत, हातचा जाणारा मोसम, त्यापुढे जकात कशी स्वस्त, हे ती दहा मिनिटं बोलली. प्रोफेसरांनी चष्मा काढला.

"हे मागच्या ड्राफ्टमध्ये नव्हतं. कुठे सापडलं?"

"फील्डवर्क," अनिका म्हणाली, आणि हसू दाबायला तिने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.